समानता, समकक्षता की समतुल्यता?

प्रश्न : नमस्कार मंडळी. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या आमच्या सेंद्रिय गटासाठी (डाळिंब आणि मालदांडी ज्वारी) निर्यातीचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘इक्विव्हॅलन्सी ॲग्रीमेंट’ला, म्हणजे एका देशाचं सेंद्रिय प्रमाणपत्र दुसऱ्या देशात चालावं म्हणून होणाऱ्या कराराला, काय म्हणावं? मागं एका कार्यालयाच्या पत्रकात ‘समानता करार’ असं छापलेलं होतं. ते वाचून गटातल्या एका काकांनी विचारलं, “म्हंजे तिकडचे आन् आपले नियम एकच की ओ?” त्यांचं काही चुकलं नाही. शब्दच तसं सांगत होता.

उत्तर १ : ताई, ‘समानता’ नकोच. नियम एकच असते तर करार कशाला लागला असता? अमेरिका आणि युरोपीय संघाचा 2012 चा करार बघा. तेव्हा अमेरिकेत सफरचंद-नाशपातीच्या सेंद्रिय बागेत रोगावर प्रतिजैविक चालायचं, युरोपला ते मान्य नव्हतं. उलट युरोपात आजारी जनावराला प्रतिजैविक देता येत होतं, ते अमेरिकेला पटत नव्हतं. दोघांनी तेवढा माल वगळला आणि बाकीचा एकमेकांच्या प्रमाणपत्रावर घेतला.

म्हणून मी ‘समतुल्यता’ म्हणेन. तुल्य हा शब्द तुलेवरून, म्हणजे तराजूवरून आला. एका पारड्यात ज्वारी, दुसऱ्यात लोखंडी वजन. वजन म्हणजे काही ज्वारी नव्हे, पण काटा मधोमध उभा राहिला की व्यवहार होतो. या करारांत हेच होतं.

उत्तर २ : तराजूचं पटलं, तरी ‘समकक्षता’ सोडवत नाही. मी शाळेत शिकवायचो. दुसऱ्या मंडळाचं पोर आलं की पालक आधी विचारायचे, “इथल्या दहावीला समकक्ष आहे ना?” हा शब्द घराघरांत पोचलेला आहे.

उत्तर ३ : सर, शब्द पोचलेला आहे हे खरं, पण शाळेतला समकक्षपणा एकदा मिळाला की कायमचा. इथं तसं नाही. मी सोलापुरातच निर्यातीची कागदपत्रं करतो. आमच्यात यातला कुठलाच शब्द कोणी बोलत नाही, “हे सर्टिफिकेट तिकडं चालतं का?” एवढंच विचारतात. पण पत्रकात ‘मान्यता’ आणि ‘समतुल्यता’ वेगळे ठेवा, ही कळकळीची विनंती.

आपला राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रम, एनपीओपी, 2001 चा. युरोपीय संघानं 2006 मध्ये आपले नियम त्यांच्या तोडीचे मानले; पुढं ते प्रक्रिया न केलेल्या शेतमालापुरतंच राहिलं. अमेरिकेनंही त्याच वर्षी होकार दिला, पण तो निराळा होता. तपासणी भारतातल्या संस्थांनी करायची, नियम मात्र अमेरिकेचेच पाळायचे. ती फक्त मान्यता होती, समतुल्यता नव्हे. जानेवारी 2021 मध्ये त्यांनी तीही काढून घेतली. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर युरोपसाठी केलेल्या प्रमाणपत्रावर अमेरिकेला माल जाईल असं शेतकरी धरून चालतो. हे नुकसान मी जवळून पाहिलं आहे.

उत्तर १ : ‘तोडीचे’! अहो, हाच तर शब्द. तोडीस तोड म्हणजे सारखं नव्हे, कमीही नव्हे.

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. मथळा ‘समतुल्यता करार’ आणि खाली एक ओळ : ‘नियम वेगळे, पण एकमेकांच्या तोडीचे मानलेले’. अमेरिकेचा रकाना वेगळा केला. तैवानशी 2024 पासून आहे त्याला ‘परस्पर मान्यता करार’ लिहिलं, कारण तिथं एकमेकांची प्रमाणपत्रं दोन्हीकडं चालतात. काकांना वाचून दाखवलं. “आता कळलं बगा,” म्हणाले, आणि लगेच पुढचं विचारलं : डाळिंबासारख्या बहुवर्षीय पिकाला रासायनिक सोडल्यापासून तीन वर्षं जो ‘कन्व्हर्जन’चा काळ धरतात, त्याला काय म्हणायचं? सरकारी कागदावर ‘रूपांतरण’ आहे. बागेत बसलेल्या माणसाच्या तोंडी काय येईल?