मदत हवी आहे: फालमथहून रेडिंगपर्यंत होडी ट्रेलरवर ओढून आणायची आहे, पहिलीच वेळ

थेम्सकाठचा_पुणेकर

नमस्कार मंडळी. इथे शिडाच्या होड्यांवर लिहिणारे दोन-चार जण आहेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढतोय.

पाच वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर दोऱ्या ओढल्यावर शेवटी स्वतःची घेतली. कॉर्निश श्रिम्पर 19, जुनी आहे पण हल (होडीचं मुख्य अंग) चांगला आहे. आत दोघांना झोपता येतं, छोटी शेगडी आहे. बायको म्हणते, "एवढ्या पैशात भारताच्या चार वाऱ्या झाल्या असत्या." असो.

होडी आहे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये, फालमथला. मी रेडिंगला. A39, A30, एक्सेटरला M5, ब्रिस्टलपाशी M4, असा साधारण अडीचशे मैलांचा रस्ता. ट्रेलर होडीसोबतच मिळतोय, एका आसाचा, ब्रेकवाला. माझी गाडी स्कोडा इस्टेट, टोबार (ट्रेलर जोडायचा मागचा दांडा) बसवलेला आहे, पण आजवर त्यावर सायकलींच्या रॅकशिवाय काही चढलेलं नाही.

प्रश्न:
इथली ड्रायव्हिंग टेस्ट मी 2014 ला दिली. ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा लागते का?
होडीचं वजन कागदावर 1,066 किलो आहे आणि गाडी 1,500 ओढू शकते, म्हणजे भरपूर जागा आहे ना?
आणि मुख्य भीती म्हणजे रिव्हर्स. यूट्यूबवर पाहून पाहून डोकं उलटं झालंय.

शिडाची_होडी

अभिनंदन! श्रिम्पर म्हणजे गॅफ शीड (वरच्या कडेला तिरका दांडा असलेलं), उतरणारी डोलकाठी आणि सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात सोडायची फळी) वर घेतला की अर्ध्या मीटरपेक्षा कमी पाण्यात तरंगणारी होडी. ट्रेलरवर न्यायलाच बनवलेली.

परीक्षा लागत नाही. 1 जानेवारी 1997 नंतर टेस्ट दिलेल्यांना पूर्वी मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची, ती 16 डिसेंबर 2021 पासून बंद झाली. आता साध्या कार लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. परीक्षा गेली म्हणून शिकायची गरज गेली असं मात्र नाही. अर्ध्या दिवसाचा टोइंग क्लास मिळतो, तो घ्याच.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र थांबा. 1,066 हा कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या होडीचा आकडा आहे. ट्रेलर कुठे धरलात? इंजिन? नांगर, साखळी, बॅटरी, शिडं, पाण्याचे कॅन, आधीच्या मालकाने दहा वर्षांत लॉकरमध्ये कोंबलेलं सामान?

गाडीच्या दाराजवळ किंवा बॉनेटखाली एक प्लेट असते, तिच्यावर चार आकडे असतात. वरून दुसऱ्यातून पहिला वजा करा, ती तुमची ओढायची मर्यादा. प्लेटचा फोटो टाका.

उसाचा_फड

मी कागलचा, आता लेस्टरला. लहानपणापासून उसाच्या ट्रॉल्या बघत आलोय, म्हणून दोन शब्द.

विक्रेत्याच्या आकड्यावर जाऊ नका, काट्यावर जा. आमच्याकडे शेतकरी कारखान्याचा काटा मारलेला असेल म्हणून आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतो, तसंच इथेही करा. सार्वजनिक वजनकाटे असतात, काउन्सिलच्या वेबसाइटवर यादी मिळते. थोडे पौंड देऊन पावती घ्या.

आणि नोजवेट, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा टोबारवर पडणारा भार. इंग्रजीतून वाचून कुणाला कळत नाही, बैलगाडीवरून लगेच कळतं. मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांचे गळे आवळतात. पुढे जास्त झाला की धुरजड होते, बैलांच्या मानेवर ओझं येतं. ट्रेलरचंही तेच. होडी मागे सरकलेली असेल तर ट्रेलर उलाळ होतो, गाडीची शेपटी वर उचलतो आणि वेगात डोलायला लागतो. धुरजड केला तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. कपलिंगवर (ट्रेलर गाडीला जोडायच्या टोकावर) थोडा भार हवाच, पण मोजून.

मिशिगनमधली_मालवणी

उसाचा_फड, एक नंबर! दहा वर्षं माझी शिडाची होडी, कॅटालिना 22, ओढतेय, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

पुणेकरभाऊ, एक सावधानता. तुम्ही बघताय ते टोइंगचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकन असणार. आमच्याकडे ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढे ठेवा म्हणतात. तुमच्याकडे तो हिशेब चालत नाही. तिथे साधारण 5 ते 7 टक्के धरतात आणि वर टोबारची स्वतःची मर्यादा असते. आमचं बघून दीडशे किलो टाकाल आणि टोबार वाकवाल. हिचचा, म्हणजे कपलिंग ज्यावर बसतं तो, गोळाही वेगळा. तुमचा 50 मिलिमीटरचा, आमचा दोन इंची म्हणजे 50.8. जवळपास सारखा दिसतो, पण सारखा नाही. म्हणून अमेरिकेतून कपलिंगचे भाग मागवू नका.

थेम्सकाठचा_पुणेकर

सगळ्यांचे आभार. गाडीची प्लेट: पहिला आकडा 1,950, दुसरा 3,450. म्हणजे 1,500 बरोबर निघाले. टोबारवर 75 किलो लिहिलंय.

काल फालमथला जाऊन आलो. विक्रेत्याने त्याच्या जुन्या लँड रोव्हरने ट्रेलर काट्यापर्यंत नेला. पावती: 1,660 किलो.

लॉकर उघडल्यावर कळलं का ते. दोन नांगर, दोन्ही साखळीसकट. गंजलेला टूलबॉक्स. आधीच्या मालकिणीने ठेवलेले टोमॅटोच्या डब्यांचे दोन क्रेट, एक्सपायरी 2016. डबे टाकले, नांगर-साखळ्या, बॅटरी आणि इंजिन गाडीच्या डिकीत घेतले तर 1,500 च्या खाली येईल असं वाटतंय. जमेल ना?

शिडाची_होडी

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. नाही जमणार, किंवा जमलं तरी करू नका.

1,500 ही मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही. नवख्यांना इथे सांगतात की ट्रेलर गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांपर्यंतच ठेवावा. हा कायदा नाही, पण अनुभवातून आलेला सल्ला आहे. तुमची गाडी रिकामी 1,400 च्या आसपास असेल, म्हणजे साधारण 1,200 किलो. शिवाय 1,660 ला 5 टक्के धरले तरी नोजवेट 83 होतं, तुमचा टोबार 75 चा. आणि डिकीत टाकलेलं सामान गाडीच्या वजनात धरलं जातं हे विसरू नका.

मोठी गाडी बघा. भाड्याने देणारे बरेच जण ओढायला परवानगी देत नाहीत, आधी विचारा. नाहीतर होडी वाहून नेणारे व्यावसायिक असतात. किंवा पहिला उन्हाळा होडी फालमथलाच ठेवा, काय बिघडतं? नदी सुंदर आहे.

थेम्सकाठचा_पुणेकर

राग नाही, पण दोन दिवस गप्प बसलो होतो हे खरं.

ऑफिसमधल्या एकाने त्याची लँड रोव्हर डिस्कव्हरी द्यायची तयारी दाखवली आहे, मर्यादा 3,500. एका दिवसाचा विमा काढतोय, त्यात टोइंग धरलंय हे फोन करून विचारून घेतलं. अजून काय बघू?

शिडाची_होडी

आता बरं वाटलं. माझ्या क्रमाने सांगतो.

टायर. नक्षी दिसते म्हणून फसू नका. ट्रेलर वर्षानुवर्षं एकाच जागी उभे असतात, टायर झिजत नाहीत, सुकतात. बाजूवर चार आकडे असतात, 2314 म्हणजे 2014 चा 23 वा आठवडा. तसं काही दिसलं तर दोन्ही बदला. स्पेअरचाही बघा, तो सगळ्यात जुना असतो.

नोजवेट मोजायला बाथरूममधला वजनकाटा आणि एक लाकडाचा तुकडा पुरतो. कपलिंग गाडीच्या गोळ्याच्या उंचीवर येईल असं टेकवायचं. मर्यादा टोबारची, गाडीची आणि कपलिंगची, तिन्हींतली सगळ्यात कमी धरायची. कमी-जास्त करायला होडी पुढे-मागे सरकवतात आणि विंचपोस्टही (होडी ओढून घ्यायच्या विंचचा पुढचा खांब) त्याबरोबर हलवून घट्ट करतात.

होडीचं वजन मधल्या कीलरोलरवर (होडीच्या तळाच्या कण्याखालचे रोलर) असू द्या. बाजूचे आधार फक्त ती कलंडू नये म्हणून असतात. ते घट्ट पिळून होडी त्यांच्यावर उचलली तर हलला भोक पडेल. नाळ (होडीचं पुढचं टोक) विंचच्या पट्ट्यावर सोडू नका, वेगळा पट्टा चासीला बांधा. मागचा रॅचेट पट्टा होडीवरून नेताना एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्यात तो फडफडून अडीचशे मैल भोंग्यासारखा वाजेल.

ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक ओढणारी) टोबारवरच्या तिच्या कडीला लावा. गोळ्याच्या मानेभोवती नुसती अडकवलेली सटकू शकते. डोलकाठी मागे मीटरभराहून जास्त बाहेर येत असेल तर तिच्या टोकाला ठळक खूण बांधा. दिव्यांच्या पाटीवर ओढणाऱ्या गाडीचा नंबर हवा, म्हणजे डिस्कव्हरीचा, तुमच्या स्कोडाचा नव्हे. हे नव्वद टक्के लोक विसरतात (हा आकडा माझ्या मनाचा).

वेग: मोटरवे आणि ड्युअल कॅरेजवेवर (दुभाजक असलेला रस्ता) ताशी 60 मैल, साध्या रस्त्यावर 50. तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन तुम्हाला बंद.

उसाचा_फड

रिव्हर्सचं राहिलंच. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, सहाच्या काट्यावर. ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवा. बास. हळू, आणि कोन जास्त व्हायच्या आत पुढे घेऊन सरळ करा. पुढे घेण्यात कमीपणा नाही. आमच्याकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उलटा घेणारे ड्रायव्हर आहेत, पण ते देवमाणूस.

डोलायला लागला तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा. ब्रेक दाबू नका, आणि गंमत म्हणून कुणी वेग वाढवायला सांगेल, तेही करू नका. हे बहुतेक उतारावर होतं, म्हणून उतार लागण्याआधीच वेग उतरवा. एव्हनमथ पुलावर आडवा वारा असतो, तिथेही.

मिशिगनमधली_मालवणी

आणि चाकांची बेअरिंग! शिडाची_होडी, तुम्ही कसे विसरलात? खाऱ्या पाण्यात बुडवलेला ट्रेलर असणार तो. प्रवास करून आलेला गरम हब (चाकाचा मधला भाग, बेअरिंग त्यातच असतं) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. ग्रीस दिसायला ठीक दिसतं. पहिल्या दहा-पंधरा मैलांवर थांबून पट्टे आवळा आणि दोन्ही हबना हात लावा. नंतर प्रत्येक थांब्यावर. बेअरिंगचा एक सेट सोबत ठेवा, आणि ब्रेकडाउन कव्हरमध्ये ट्रेलर येतो का ते बघा.

थेम्सकाठचा_पुणेकर

एक्सेटर सर्व्हिसेसच्या पार्किंगमधून लिहितोय. पहाटे पाचला निघालो, नोजवेट 95, टायर नवे. पहिल्या थांब्यावर दोन्ही हब कोमट. बॉडमिन मूरवर वारा होता पण ट्रेलर शांत. आता उजवा हब कोमट आहे आणि डाव्यावर हात ठेवता येत नाही, तव्यासारखा चटका बसतो. हब थंड झाल्यावर निघू का? अजून दीडशेहून जास्त मैल आहेत.

मिशिगनमधली_मालवणी

निघू नका!! इथे पहाट आहे, तरी जागी आहे. एक बाजू गरम म्हणजे ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग गेलंय. दुसऱ्या चाकाला अडणी लावा, गाडीचा हँडब्रेक ओढा, जॅकवर उचला. चाक हाताने फिरवा, खरखर येते का ऐका. मग वर-खाली धरून हलवा, खेळ आहे का बघा.

थेम्सकाठचा_पुणेकर

खरखर आहे. दळणाच्या जात्यासारखी. आणि खेळही आहे, बोटभर नाही पण जाणवण्याइतका. कव्हरवाल्यांना फोन केलाय.

थेम्सकाठचा_पुणेकर

घरी पोचलो, रात्री नऊला.

मेकॅनिक दोन तासांनी आला. हबची टोपी काढली तर ग्रीस तपकिरी नव्हतं, दुधी कॉफीच्या रंगाचं होतं, पाणी मिसळलेलं. आतले रोलर निळे पडलेले. विक्रेत्याने "गेल्या वर्षी सर्व्हिस केलंय" सांगितलं होतं, कागद मागितला नव्हता ही माझी चूक. मालवणीताई, तुम्ही सांगितलेला सेट डिकीत होता म्हणून काम झालं, त्याच्याकडे या मापाचा नव्हता. उजव्याचा सेट मागवलाय. त्या बाजूचं ग्रीसही उघडून पाहिलं, रंग उतरायला लागलाय. तिथून पुढे 50 च्या वर गेलो नाही, दर चाळीस मैलांना थांबून हात लावत आलो.

पुढचा प्रश्न: मे महिन्यात चिचेस्टर हार्बरला उतरवायची आहे. ट्रेलरचे हब न बुडवता होडी पाण्यात कशी घालतात?

शिडाची_होडी

क्लबची क्रेन असेल तर तीच वापरा, पैसे वसूल होतात. नाहीतर स्लिपवर (पाण्यात जाणारा उतार) पोचल्यावर तासभर थांबा, चहा प्या, हब थंड होऊ द्या, मगच पाण्यात. बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवा, ब्रेकच्या ड्रमसकट.

उसाचा_फड

ते सगळं ठीक. गल्लीत रिव्हर्स कसा घेतलात ते सांगा आधी.

थेम्सकाठचा_पुणेकर

चाळीस मिनिटं. समोरच्या घरातले आजोबा खुर्ची बाहेर टाकून बसले होते. शेवटी त्यांनीच उठून समोरची कचऱ्याची पेटी हलवली.