शनिवारचा टेम्पो: म्हसळ्याच्या पुढचं काय? (जून २०२०)

प्रेषक: भाऊ (खारघर)

मंडळी,
निसर्ग वादळात छपरं उडालेल्या श्रीवर्धनकडच्या आपल्या गावासाठी मंडळाने घेतलेल्या ताडपत्र्या वाशीला एपीएमसीत येऊन पडल्यात. गाळेवाला शनिवार सकाळपर्यंतच ठेवून घेणार, नंतर त्याचा माल लागतो. चारशेसात टेम्पो ठरवलाय, ड्रायव्हर माणगावचाच आहे. तांदूळ, डाळ, मीठ, मेणबत्त्या यांचे संच काल रात्री बांधून झाले.

अडलंय ते पुढे. गावाहून निरोप आलाय (टॉवर अजून बंदच, पोरगा फोन चार्ज करायला माणगावला आला तेव्हा बोलला) की कोरोनामुळे मुंबई-ठाण्याचं माणूस गावात नको. आलं तर चौदा दिवस शाळेत राहायचं. माल म्हसळ्याला उतरवा, पुढचं आम्ही बघतो. आता हे 'आम्ही' म्हणजे कोण? सरपंच, की वाडीतली पोरं? मागचा टेम्पो सगळ्यांना आठवत असेलच, सरपंचांनी माल खाल्ला असं इथे लिहिलं गेलं होतं. कोण जाणार, कोणाच्या ताब्यात द्यायचं, रात्रीपर्यंत कळवा. पासासाठी आधारच्या प्रती लागतील.

---

प्रेषक: माई (चरई)

भाऊ, आमच्या जिन्याखाली कपड्यांची पोती आहेत ती वाशीला कोण नेणार? चांगले आहेत, मी स्वतः निवडलेत. फाटके काढले, जरीच्या साड्यासुद्धा काढल्या. वॉचमन रोज कटकट करतो.

---

प्रेषक: बापू (नेरूळ)

माई, कपडे नकोत. गेल्या वर्षी सांगलीच्या पुरानंतर रस्त्याच्या कडेला ढीगच्या ढीग भिजत पडले होते. लोकांनी आधी घरातला गाळ काढायचा की तुमचे कपडे उचलायचे? टेम्पोतली जागा ताडपत्रीची आहे.

भाऊ, मी जातो. २००५ ला दरडी कोसळल्या तेव्हा दासगाव-जुईला मी होतो, यादी कशी करायची ते मला कोणी शिकवायला नको. फक्त वडखळ-कोलाडवरून नेऊ नका. २०११ पासून पनवेल-इंदापूर चौपदरीकरण चाललंय, नातवंडं कॉलेजात गेली तरी रस्ता होत नाही. अलिबाग, रेवदंडा, साळाव, मुरूड करत आगरदांड्याला जायचं, तिथल्या गाड्या नेणाऱ्या बोटीवर, म्हणजे जंगल जेटीवर टेम्पो चढवायचा आणि दिघीला उतरायचं. तिथून बोर्ली पंचतन हाकेवर.

---

प्रेषक: दादा (घणसोली)

> जंगल जेटीवर टेम्पो चढवायचा

चालू आहे का विचारलंत? एक तर लॉकडाऊन, त्यात ३ जूनला निसर्ग वादळ किनाऱ्यावर चढलं ते ह्याच पट्ट्यात. धक्क्यापर्यंत जाऊन बोट नसली तर भरल्या टेम्पोनिशी परत फिरणार का? माणगाव, साई, म्हसळा. खड्डे आहेत, पण रस्ता उघडा आहे, ड्रायव्हरच्या पायाखालचा आहे.

आणि बापू, राग मानू नका, पण पासष्टच्या वरच्यांनी घरी बसायचंय. पास मिळणार नाही.

---

प्रेषक: बापू (नेरूळ)

राग कशाला. सूनबाईसुद्धा रोज हेच ऐकवते. मग तुम्ही जा घणसोलीहून. मात्र घणसोली ठाणे जिल्ह्यात, श्रीवर्धन रायगडात, म्हणजे तुम्हाला जिल्हा ओलांडायचा पास लागणार. भाऊ खारघरचे, ते आधीच रायगडात. तेव्हा नियमाने जायचं तर भाऊंनीच जावं.

---

प्रेषक: ताई (खजिनदार)

इकडे परदेशात पहाटेचे तीन वाजलेत, आपल्या परदेशातल्या मंडळींच्या पैशांबद्दल एकदाच लिहिते.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी आपल्या खिशातून दिलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत. ज्यांनी इकडचं नागरिकत्व घेतलं, त्यांचे धरतात, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड असलं तरीही. ते पैसे एफसीआरएची (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या संस्थेला देता येत नाहीत. मंडळाच्या खात्यातून तर नाहीच नाही. म्हणून ताडपत्र्यांचं बिल पहिल्या गटाच्या पैशांतून दिलंय, दुसऱ्या गटाची रक्कम इथेच थांबलीय. 'अहो, आम्ही काय परके आहोत का' असं मला वेगळं लिहिणाऱ्यांनी कायदा काढून वाचावा, २०१० चा आहे.

---

प्रेषक: दिवेआगरकर

ताई, दुसऱ्या गटातला मी. कायदा कळला. पण आई तिकडे पडवीत झोपतेय, माझ्या पैशांनी आलेली ताडपत्री शेजारणीच्या घरावर चालत नाही म्हणजे गंमतच आहे.

सरकारी मदतीचं कोणीतरी विचारलं होतं. फळबागेला हेक्टरी १८ हजार मिळायचे ते ५० हजार केले, पेपरात मोठं छापून आलं. आमची सुपारीची वाडी बारा गुंठ्यांची. शंभर गुंठ्यांचा हेक्टर धरा, आमच्या वाट्याला सहा हजार. कोकणात हेक्टरभर वाडी किती जणांची आहे? सुपाऱ्या मधून मोडून एकमेकींवर पडल्यात, विहिरीत शेंडे गेलेत, पाणी काढता येत नाही. नवी रोठा सुपारी लावली तर धरायला सहा-सात वर्षं. आई म्हणते तांदूळ आहेत, झाडं कापायचं मशीन पाठवा. एक मशीन आळीत फिरलं तरी घरापर्यंतची वाट मोकळी होईल.

---

प्रेषक: दादा (घणसोली)

मशीन मिळेल, पण पेट्रोल? कॅन भरून मेणबत्त्यांच्या शेजारी ठेवणार असाल तर ड्रायव्हर नाही म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. माणगावला भरून घ्या आणि वेगळ्या गाडीने न्या.

---

प्रेषक: वहिनी (ऐरोली)

सगळे कोण जाणार, कुठून जाणार यावर लिहितायत. मागच्या टेम्पोबरोबर मी आणि हे गेलो होतो, म्हणून काय झालं ते सांगते.

म्हसळ्याच्या अलीकडेच लोकांनी गाडी अडवली. दमदाटी नव्हती, बायका होत्या, त्यांचेही पत्रे उडालेत. पण त्यांच्याकडे त्या दिवशी आमच्या आधीच दोन गाड्या थांबून गेल्या होत्या. रस्त्यावरच्या गावाला तीनदा तांदूळ, आणि आत डोंगराच्या कडेला कातकऱ्यांची वाडी आहे तिथे कोणीच नाही. चारशेसात तिथवर जातच नाही, वाट अरुंद आणि चिखल. आम्ही उरलेला माल शाळेत ठेवून आलो. यादी पंचनाम्यावरून केली होती. पंचनाम्यात नाव कोणाचं? ज्याच्या नावावर घर आहे त्याचं. कातकऱ्यांची घरं दुसऱ्याच्या जागेत, कागद नाही. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर काहीच नाही तेच यादीत नव्हते. सरपंचांनी खाल्लं वगैरे जे इथे लिहिलं गेलं ते मला पटत नाही. ती यादीच तशी होती.

दुसरं म्हणजे दोरी. ताडपत्री दिली आणि दोरी दिलीच नाही. एका घरी म्हातारबाबा तुटलेली विजेची तार सोलून तिने ताडपत्री वाशाला बांधत होते. लाईट नव्हती म्हणून निभावलं. चार कोपरे बांधले, मधे वारा शिरला की रिंगाच फाटून येतात. ह्या वेळी प्रत्येक ताडपत्रीमागे नायलॉनची दोरी द्या.

तेव्हा माझं म्हणणं, इकडून माणूस न्यायचाच कशाला? ड्रायव्हर आणि क्लीनर पुरे, मालाच्या गाडीला वेगळा पासही नको. म्हसळ्याला माल छोटा हत्तीत (टाटाच्या लहान टेम्पोत) चढवा, तिथलाच, तिथल्या पोरांचा. आणि यादी आशाताईंकडून, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीकडून घ्या. कोरोनाच्या सर्व्हेसाठी ती प्रत्येक दारात जाऊन आलीय, सातबारा बघून नाही. कुठल्या घरात ओली बाळंतीण आहे, कोण एकटी आहे, हे तिला तोंडपाठ.

---

प्रेषक: माई (चरई)

वहिनी, ओली बाळंतीण म्हणालीस तर माझ्याकडे सुती लुगडी आहेत. मऊ आहेत, दुपट्यांना होतील.

---

प्रेषक: बापू (नेरूळ)

> इकडून माणूस न्यायचाच कशाला

म्हणजे आपण फक्त पैसे द्यायचे? असो. पण आशाताईला सरकार देतं किती आणि राबवतं किती! तिच्या गळ्यात आणखी आपली यादी. उद्या एखाद्याचं नाव राहिलं तर गाव तिला बोलेल, मंडळाला नाही. २००५ ला आम्ही बचत गटाच्या बायकांना पुढे केलं होतं, पाच-सहा जणी असल्या की एकीवर येत नाही. त्यांच्यासमोर यादी वाचून दाखवायची.

---

प्रेषक: वहिनी (ऐरोली)

बापू, चालेल. यादी आशाताईची, वाटप गटाच्या बायकांचं, सगळं मोठ्याने वाचून. कातकरीवाडीची गाडी आधी सोडायची, रस्त्यावरची नंतर. उलट केलं तर आत काही पोहोचत नाही.

---

प्रेषक: दादा (घणसोली)

म्हसळ्याचे छोटा हत्तीवाले भाडं किती घेतात? पत्रे आणि कौलांचे भाव बघता तेही वाढले असतील.

---

प्रेषक: भाऊ (खारघर)

बोललो. ड्रायव्हरचा मेहुणाच म्हसळ्यात छोटा हत्ती चालवतो, डिझेलवर येतो म्हणाला. दुसऱ्या गाडीचं भाडं द्यावं लागेल. आशाताईंचा नंबर लागत नाही, पण आरोग्य केंद्रातून निरोप गेलाय, उद्या यादी लिहून पाठवतायत. तर ठरलं: टेम्पो शनिवारी पहाटे पाचला वाशीहून माणगावमार्गे निघतो, आपल्यातलं कोणी जात नाही. बापू, तुम्ही घरी बसून फोनवर यादीची नावं आणि पोच जुळवायची, हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. दिवेआगरकर, कटर भाड्याने मिळतोय, छोट्या गाडीतून येईल, पेट्रोल माणगावला. माई, लुगडी तेवढी द्या, बाकीची पोती नको. दोरीचे बंडल मी आज पनवेलहून उचलतो.

---

प्रेषक: ताई (खजिनदार)

दोरीचं आणि भाड्याचं बिल वेगवेगळं घ्या, भाऊ. दोन्ही पहिल्या गटात टाकते. आणि दिवेआगरकर, कटरचं भाडं तुम्ही परस्पर देऊ नका, आईंना वेगळे पाठवायचे ते पाठवा. नातेवाइकांना पाठवलेले पैसे हा निराळा विषय आहे, त्यावर उद्या लिहीन.