मदत हवी आहे: वॉरफरिनवर असलेल्या बाबांनी अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात का?

नमस्कार मंडळी,

बाबा ७१ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून रोज वॉरफरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) चालू आहे. सिगारेट ३० वर्षं ओढली, सोडून ११ वर्षं झाली. हल्ली त्यांच्या मनगटावर, घड्याळाचा पट्टा घासतो तिथे, निळेजांभळे डाग दिसायला लागलेत. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. काल आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, जास्त म्हणजे रक्तस्रावाचा धोका) ३.८ आला. एरवी २.३ ते २.७ मध्ये असतो. गोळी एकदाही चुकलेली नाही, डोसही तोच. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे.

रात्री औषधांचा खण आवरताना मला दोन डब्या दिसल्या, ज्यांच्याबद्दल आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एक डोळ्यांसाठीची, दुसरीवर नुसतंच ‘अँटिऑक्सिडंट’. अक्षरं इतकी बारीक की फोनमधून मोठी करून वाचावी लागली. पहिलीत क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई ४०० आययू (जीवनसत्त्वाची मात्रा मोजायचं एकक), बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, शिवाय जस्त आणि तांबं. दुसरीत सेलेनियम १०० मायक्रोग्रॅम आणि पुन्हा ई ४०० आययू. म्हणजे ई दिवसाला ८००! प्रौढ माणसाची रोजची गरज १५ मिलिग्रॅम, म्हणजे नैसर्गिक ई असेल तर जेमतेम २२ आययू.

बाबा हे हौसेने घेत नाहीत, धास्तीने घेतात. थोरल्या काकांचा मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, झिजला. कडेचं दिसतं, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आम्हाला ते आवाजावरून ओळखतात. गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्यांतही बारीक पिवळे ठिपके निघाले. ‘अगदी सुरुवात आहे’ असं नेत्रतज्ज्ञ म्हणाले होते. त्यामुळे ‘टाकून द्या त्या डब्या’ असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फिनलंडचा १९९४ चा अभ्यास वाचला. सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांचा होता, आणि रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. सिगारेट सोडलेल्यांनाही हा धोका असतो का? आयएनआर ई जीवनसत्त्वामुळे वाढला असेल का? आणि डोळ्यांचं काय करायचं? जाणकारांनी कृपया सांगावं, फार काळजी वाटते आहे.

प्रतिसाद: ताई, मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. आधी एकच करा. सोमवारची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन लावा आणि दोन्ही लेबलं वाचून दाखवा. आयएनआर वाढलेला असताना रक्त येणं अंगावर काढायचं नसतं. शौचाला काळं झालं, लघवीत रक्त दिसलं, डोक्याला मार लागला किंवा एकाएकी डोकं जोरात दुखलं, तर फोनही नको, थेट तातडीच्या विभागात न्या. ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत, रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं आणि वॉरफरिनही तिथेच काम करतं, त्यामुळे दोघांचा परिणाम एकमेकांत मिसळतो. आता महत्त्वाचं. डॉक्टरांना डब्यांचं सांगितलं नाही तर ते वॉरफरिन कमी करतील. पुढे कधी बाबांनी ई बंद केलं की आयएनआर घसरेल, आणि झडपेवर गुठळी होण्याची भीती. म्हणून थांबवायचं ते त्यांना सांगून. वॉरफरिनला आपल्या मनाने हात लावू नका.

प्रतिसाद: सोडलेल्यांनाही धोका असू शकतो. अमेरिकेतल्या कॅरेट अभ्यासात १८,३१४ जण होते. त्यांत सिगारेट सोडलेलेही होते, ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेलेही. बीटा कॅरोटीन ३० मिलिग्रॅम आणि सोबत अ जीवनसत्त्व. फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के जास्त दिसला, म्हणून १९९६ मध्ये तो ठरल्यापेक्षा २१ महिने आधीच थांबवला. अँटिऑक्सिडंट जेवढं जास्त तेवढं बरं, हा समज मला फार घातक वाटतो. अँटिऑक्सिडंट ज्यांना निष्प्रभ करतात, त्या मुक्त मूलकांचा (फ्री रॅडिकल्सचा) वापर आपल्या पांढऱ्या पेशीच जंतू मारायला करतात. शरीराला ते पुरते पुसून टाकायचे नसतात, आवाक्यात ठेवायचे असतात, आणि त्यासाठी त्याची स्वतःची विकरं (एन्झाइम्स) आहेत.

प्रतिसाद: डोळ्यांबद्दल सांगते, माझ्या आईला हाच आजार आहे. बाबांची पहिली डबी २००१ च्या एरेड्स या अमेरिकेतल्या डोळ्यांच्या अभ्यासातल्या मिश्रणासारखी दिसते. त्या मिश्रणाने आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटलं होतं. पण ते मधल्या टप्प्यावर पोचलेल्यांत, किंवा एक डोळा आधीच गेलेल्यांत. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात फायदा दिसलेला नाही. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासापासून बीटा कॅरोटीनच्या जागी ल्युटीन १० आणि झिॲझँथिन २ मिलिग्रॅम (पालेभाज्यांतली रंगद्रव्यं) आलं. ई मात्र त्यातही ४०० आययूच आहे, म्हणून ‘नवी डबी’ हे बाबांसाठी आपोआप उत्तर नाही. टप्पा कोणता, हे नेत्रतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या. आणि ल्युटीनसाठी म्हणून पालेभाज्या एकदम वाढवू नका. त्यांत के जीवनसत्त्व असतं, आयएनआर उलट्या बाजूला जाईल. आईच्या कपाटावर आम्ही ॲम्सलरची जाळी (नजर तपासायचा चौकटींचा कागद, मधे ठिपका) चिकटवली आहे. रोज एक एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेषा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच दिवशी फोन केला. दोन्ही डब्या थांबवल्या, वॉरफरिनचं काय करायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं. आज पाचव्या दिवशी आयएनआर २.९ आहे, हिरड्यांतलं रक्त थांबलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासायचा आहे.

बाबा आधी गप्पच झाले. मग म्हणाले, “म्हणजे आता मी काहीच करायचं नाही का?” तेव्हा जाळी दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती स्वतः आरशाशेजारी चिकटवली. खाली वही टांगली आहे. कालची नोंद त्यांच्याच अक्षरात आहे: उजवा सरळ, डावा सरळ. नेत्रतज्ज्ञांची वेळ गुरुवारी आहे. टप्पा विचारते आणि इथेच कळवते.