मदत हवी आहे : विम्बल्डनचा १९८८ चा एफए कप कोणाच्या नावावर लिहू?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात दर रविवारी पेठेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. सुट्टीत त्यांच्यासाठी इंग्लंडमधल्या जुन्या क्लबांचे तक्ते रंगवतोय. बाकीचे झाले, पण विम्बल्डनपाशी अडलोय.

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. पण लंडनच्या त्याच उपनगरात १८८९ मध्ये एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी फुटबॉलचा संघ काढला. सुरुवातीला ते विम्बल्डन कॉमन या माळावर खेळत. १९१२ पासून प्लाव लेन हे त्यांचं मैदान झालं. १९७७ मध्ये फुटबॉल लीग या इंग्लंडच्या व्यावसायिक स्पर्धेत प्रवेश, १९८६ मध्ये थेट पहिल्या, म्हणजे सर्वात वरच्या विभागात. आणि १४ मे १९८८ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये त्यांनी त्या वर्षीच्या लीग विजेत्या लिव्हरपूलला १-० ने हरवलं! गोल लॉरी सांचेझचा, डोक्याने मारलेला. जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी कर्णधार आणि गोलरक्षक डेव्ह बेझंटने अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. हा प्रसंग मुलांनी माझ्याकडून तीनदा ऐकलाय.

पुढचा भाग सांगताना मात्र जीव तुटतो. १९९१ मध्ये क्लबने प्लाव लेन सोडलं आणि क्रिस्टल पॅलेस या लंडनच्याच दुसऱ्या क्लबच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर भाडेकरू म्हणून खेळायला लागला. २८ मे २००२ ला तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी क्लबला सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. चाहते गेले नाहीत. त्यांनी काही आठवड्यांतच एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब उभा केला. खेळाडूंची निवड चाचणी कुठे घेतली? त्याच विम्बल्डन कॉमनवर! पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्यात संघ ४-० ने हरला, तरी बघायला ४,६५७ माणसं होती. सुरुवात फार खालच्या लीगमधून, पण नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये परतले. नोव्हेंबर २०२० पासून ते पुन्हा प्लाव लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये खेळतात.

आता अडचण. लीगमधल्या जागेचा धागा धरला तर मिल्टन कीन्सला गेलेला जुना क्लब २००४ मध्ये एमके डॉन्स झाला, म्हणजे रेघ तिकडे जाते. पण एमके डॉन्सने स्वतःच जुन्या इतिहासावरचा हक्क सोडला. कपची प्रतिकृती आणि जुन्या वस्तू २००७ मध्ये मर्टनच्या, म्हणजे विम्बल्डन ज्या भागात येतं तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे दिल्या. माझं मन एएफसी विम्बल्डनच्या बाजूने आहे. आमच्याकडे संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची. ती उचलून दुसऱ्या गावी नेली तर मागे राहिलेल्या माणसांचं काय, हे इथल्या पोराला समजवावं लागत नाही. तरी एका तेरा वर्षांच्या मुलाने विचारलंच, "सर, २००२ ला काढलेल्या क्लबने १९८८ चा कप कसा जिंकला?" मला धड उत्तर देता आलं नाही.

लंडनमध्ये राहणारं कोणी नव्या प्लाव लेनवर गेलं असेल, तर १९८८ चा उल्लेख तिथे कसा केलाय ते कृपया सांगा. फोटो असेल तर फारच उत्तम. आणि इतिहासाच्या जाणकारांना विचारायचंय : एकच सलग रेघ काढून तिला २००२ मध्ये फाटा दाखवू, की १८८९ ते २००२ ची वेगळी चौकट करून तिथून एएफसीकडे बाण नेऊ? चाहत्यांनी अशा पुन्हा उभ्या केलेल्या क्लबसाठी मुलांना पटकन कळेल असा मराठी शब्दही हवाय. 'पुनर्जन्म' मला पटत नाही, कारण ती माणसं कुठे गेलीच नव्हती.

तक्ता शनिवारी रात्री रंगवायचाय. कपचं चित्र काढून तयार आहे, फक्त त्याखालचं नाव कोरं ठेवलंय.