मदत हवी आहे: तंबूत झोपायला गादी कोणती घ्यावी?

मंडळी, दिवाळीनंतर गुहागर-आंजर्ले बाजूला तंबू ठोकून राहायचा बेत आहे. अडचण गादीची. हवा भरायची पीव्हीसीची गादी घामाने पाठीला चिकटते. वर चादर घातली तर पहाटेपर्यंत ती गोळा होऊन पायाशी. शिवाय सुरूच्या बनात त्या खरबरीत बोंडांनी भोक पडायची भीती. आत फोम असलेली, आपोआप फुगणारी गादी मऊ असते म्हणे, पण दमट हवेत तिला बुरशी नाही धरणार? साध्या फोमच्या मॅटला पंक्चरची भानगड नाही, पण आईची कंबर धरेल. (आई येणारच, तिला कोण अडवणार!) घडीच्या खाटेखालून वारा खेळेल, पण वाळूत पाय रुततात का? गाडीने जाणार, त्यामुळे वजन चालेल. कोणी वापरली असेल तर सांगा.