अण्णांची डिझेलची वही आणि आमची नवी गाडी: हायब्रिड, प्लग-इन की इलेक्ट्रिक? तुमचे अनुभव लिहा

बाळीवेस
परवा जुनी डिझेल गाडी विकायला काढली. सामान काढताना डॅशबोर्डच्या खणात अण्णांची वही हाती लागली. शंभर पानी, कव्हर सुटलेलं. डिझेल भरलं की एक ओळ: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटी लाल पेनानं ॲव्हरेज. मधूनच शेरा, "अक्कलकोट, पाच माणसं, एसी लावला". शेवटची ओळ ते जायच्या आठ दिवस आधीची. तिचंही ॲव्हरेज काढून ठेवलंय. गिऱ्हाईक बाहेर उभं होतं आणि मी गाडीतच बसून राहिले.

नवी गाडी घेताना मीही नकळत हेच केलं होतं. शोरूममध्ये डोकं गरगरायला लागलं तेव्हा घरी येऊन दोन महिने आपलंच फिरणं लिहून काढलं. शाळा, बाजार, परत घर, रोज 22 किलोमीटर. महिन्यातून एकदा अक्कलकोट, जाऊन-येऊन ऐंशी. दोन-तीन महिन्यांनी सोलापुराहून लेकीकडे पुण्याला, एका बाजूला अडीचशे. एवढंच! मनात मात्र मी रोज हैदराबादला जात असल्यासारखी धास्ती. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लगला लावून चार्ज होणारी आणि पेट्रोलवरही चालणारी, आमच्या बजेटमध्ये नव्हतीच. घराला अंगण आहे, प्लग आहे, म्हणून इलेक्ट्रिक घेतली, 45 युनिटची बॅटरी.

परवा पहिल्यांदा पुणे केलं. पहाटे साडेपाचला शंभर टक्के. वेग नव्वदच्या आसपास, एसी चालू. पुण्याच्या वाटेवर भिगवणला 49 टक्के राहिले. कागदावर 489 किलोमीटर लिहिलेत, पण हायवेला तीनशे धरूनच निघावं. तिथं अर्धा तास लावली, चहा झाला, 80 टक्के झाले आणि निघालो.

तुम्ही कशी निवडली? आणि घरात अशी वही कुणाकडे होती?

जुळेसोलापूर
अक्का, वहीचं वाचून गलबलून आलं. आमचे बाबा पावत्या तारेत ओवून ठेवायचे. गाडीचं नंतर लिहितो, पोरगं उठलं.

टॉवेलवाला
मी चादर-टॉवेलचा माल दाखवत फिरतो. आज विजयपूर, उद्या इचलकरंजी, परवा हैदराबाद. चार्जर शोधत बसलो तर धंदा बसेल. म्हणून ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड घेतली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही, प्लगला लावायची भानगड नाही. कागदावर लिटरला 27.97. सात रस्ता, नवी पेठ, आसरा असं गर्दीत फिरलं की 24-25 मिळतं, हायवेला शंभरनं पळवली की 20-21. लोकांना उलटं वाटतं. गर्दीत ब्रेक दाबला की बॅटरी भरते आणि हळू चालताना मोटर गाडी ओढते. हायवेला ब्रेकच नाही, मग इंजिनच राबणार.
एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही. बॅटरी डिकीखाली असते, डिकी उथळ झालीय. सँपलचा गठ्ठा उभा मावत नाही, मागच्या सीटवर जातो. माझ्या धंद्याला हे महत्त्वाचं होतं. घेण्याआधी गठ्ठा सोबत नेऊन ठेवून बघायला हवा होता. आता दुसऱ्यांना तेच सांगतो.

हुरडा
गठ्ठा नेऊन बघा हे लई भारी की ओ. आम्ही सासूबाईंना नेऊन बसवून बघितलं होतं. गुडघे दुखतात, उंच गाडीत चढता येईना, म्हणून आवडलेली गाडी सोडली.

विजापूररोड
माझा अनुभव अर्थिंगचा, म्हणजे गळकी वीज जमिनीत सोडणाऱ्या वायरचा. इलेक्ट्रिक आली, घरचा चार्जर लावला, हिरवा दिवा दोन मिनिटं आणि मग लाल. पुन्हा लावला, पुन्हा लाल. मी तर गाडीच खराब म्हणून फोनवर फोन केले. शेवटी आमचे नेहमीचे वायरमन आले, मीटर लावला, म्हणाले गाडी चांगली आहे, तुमचं अर्थिंग मेलंय. अर्थिंग नसलं की चार्जर स्वतःहून बंद होतो, ती त्याची सुरक्षितता आहे. आमच्याकडे मुरमाड जमीन, मे महिना, अर्थिंगचा खड्डा पार कोरडा ठणठणीत. नवीन खड्डा खणला, प्लेट, कोळसा, मीठ, वर पाइप. पाइपात बादलीभर पाणी ओतलं आणि दिवा हिरवा झाला. इतकी वर्षं फ्रिज, मिक्सर त्याच घरात चालत होते, याचीच आता धडकी भरते. इलेक्ट्रिक घेणार असाल तर आधी अर्थिंग तपासा, गाडी नंतर.

रेवडी
बादलीभर पाणी कुठनं आणायचं? आमच्या नळाला आज पाचवा दिवस.

विजापूररोड
कपडे धुतलेलं साबणाचं नको, भाज्या धुतलेलं ओततो आम्ही.

बाळीवेस
रेवडी, आमच्याकडेही तेच. खरं सांगू का, म्हणूनच मला चार्जिंगचं नियोजन जड गेलं नाही. पाणी यायच्या रात्री टाकी, पिंप, कळशी सगळं भरून ठेवायची सवय आहेच. गाडीही तशीच रात्री लावून ठेवते.

तिसरामजला
ज्याच्या घरी स्वतःचा प्लग नाही त्यानं इलेक्ट्रिकच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत. आम्ही फ्लॅटमध्ये. पार्किंगमध्ये चार्जर बसवायला आठ महिने बैठका. वायर कुणाच्या भिंतीवरून, आग लागली तर, मीटर कुणाचा. भांडणं नकोशी झाली. शेवटी स्ट्राँग हायब्रिड घेतली आणि शेजाऱ्यांशी बोलणं पुन्हा सुरू झालं. टॅक्सचं मात्र टोचतं: इलेक्ट्रिकला जीएसटी 5 टक्के, आमच्या गाडीला 40.

आशा_होटगीरोड
माझी फसगत ऐका. मागच्या दारावर "हायब्रिड" लिहिलेलं, सेल्समनही हायब्रिड हायब्रिड म्हणाला. महिन्यानं कळलं, ही माइल्ड हायब्रिड. म्हणजे छोटी मोटर इंजिनला थोडा हात देते, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन झटकन चालू करते. एकटी गाडी ओढत नाही. गाडी वाईट नाही, पण ज्यासाठी पैसे दिले ते मिळालं नाही. ट्रायलला गेलात की एकच बघा: इंजिन बंद असताना गाडी पुढे सरकते का? सरकली तर स्ट्राँग.

टॉवेलवाला
बरोबर सांगितलं ताई. हे सगळ्यांना कळायला हवं.

दूरदेशी
मूळचा सोलापूरचा, आता नेदरलँड्सला. माझ्याकडे प्लग-इन हायब्रिड आहे म्हणून लिहितो. रात्री घरी लावतो, पन्नासेक किलोमीटर विजेवर जाते, पुढे पेट्रोल. ऑफिस जवळ, त्यामुळे आठवडेच्या आठवडे पंपावर जात नाही. पण रोज लावायला हवी. ऑफिसमधल्या एकानं दोन वर्षं वापरून गाडी परत केली, तेव्हा केबल अजून प्लास्टिकच्या पिशवीत होती. तो नुसती जड बॅटरी आणि इंजिन दोन्ही वाहत पेट्रोल जाळत होता.
कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कोण पाठवेल का इकडं?

हुरडा
दूरदेशी, चटणीचा पत्ता घ्या निरोपात. तेल सुटलेली हवी की कोरडी?

दूरदेशी
तेल सुटलेली!! उखळातली.

जुळेसोलापूर
आलो परत. माझी 2020 ची इलेक्ट्रिक, 30.2 युनिटची. कागदावर 312, नवी असताना दोनशे जायची, आता 175-180. बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी आहे, त्यामुळे झोप लागते. आपल्याकडे मेमध्ये पारा 43 च्या पुढे जातो, म्हणून दोन गोष्टी पाळतो. दुपारची पळवून आणली की लगेच लावत नाही, रात्री दहानंतर लावतो. आणि रोजच्याला 80 टक्के पुरे, शंभर फक्त गावाला जाताना. गाडी लिंबाच्या सावलीत. त्या लिंबावरून भावाशी वाद होता, तो तोडायचा म्हणत होता. आता गाडीमुळे तरी झाड वाचलं.

बाळीवेस
फार छान केलंत दादा.
बिलाचं दोघांनी निरोपात विचारलं. आमचं 140 युनिटच्या आसपास यायचं, आता 220. शंभराच्या वर युनिटचा दर चढतो, त्यामुळे जास्तीचे ऐंशी सगळे वरच्याच दरानं धरावे लागतात. गाडीसाठी वेगळा मीटर घेता येतो, त्याची चौकशी चालू आहे.
वही विकली नाही, आणलीय घरी. पुढची ओळ मी लिहिली. "लिटर" वर रेघ मारून "युनिट" केलं. लाल पेन मिळेना, निळ्यानंच लिहिलं.

रेवडी
पाणी आलं एकदाचं. विजापूररोड, तेवढं सांगा, अर्थिंगला मीठ कुठलं? बारीक चालेल?

विजापूररोड
खडेमीठ. मंगळवार बाजारात सुटं मिळतं.