वडिलांचे मृत्युपत्र, काकांबरोबरची भागीदारी आणि भाड्याचा गाळा: आधी काय करावे?

प्रश्न (मूळ सांगली, सध्या पुणे)

नमस्कार. माझे वडील 76 वर्षांचे आहेत आणि आई 71 वर्षांची. सांगलीत वडील आणि धाकटे काका यांचे हार्डवेअरचे दुकान आहे. 1988 साली दोघांनी निम्म्या-निम्म्या वाट्याचे भागीदारीपत्र केले होते. तेच आजही चालू आहे आणि भागीदारीची नोंदणी कधीच झालेली नाही. माझा थोरला भाऊ पुष्कळ वर्षांपासून दुकानावर बसतो, खरेदी, उधारी, वसुली सगळे तोच पाहतो, परंतु कागदोपत्री तो कुठेच नाही. राहते घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले असून त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे.

अलीकडे वडिलांना ओळखीच्या गिऱ्हाइकांची नावे आठवेनाशी झाली आहेत; मात्र बिजागरीच्या कोणत्या मापाला काय भाव आणि कोणाकडे किती येणे आहे, हे त्यांना अजून तोंडपाठ असते. ओळखीच्या एका दस्तलेखकाने असे सुचवले की घराचे बक्षीसपत्र आत्ताच भावाच्या नावे करावे, कारण ते 200 रुपयांच्या मुद्रांक शुल्कात होते, आणि दुकानासाठी भावाला कुलमुखत्यारपत्र (वडिलांच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) द्यावे. वडिलांची इच्छा मात्र वेगळी आहे: दुकान भावाकडे जावे, घरात आईने शेवटपर्यंत राहावे आणि त्यानंतर घर आम्हा दोघा भावंडांना मिळावे. भावाशी माझा कोणताही वाद नाही. अशा स्थितीत मृत्युपत्र केले म्हणजे पुरेसे होईल का?

उत्तर 1 (दिवाणी वकील, मिरज)

ताई, वडिलांची इच्छा आपण जशी सांगितली आहे, तिला बक्षीसपत्र हा मार्गच जुळत नाही. बक्षीसपत्र नोंदवून मुलाने स्वीकारले की घर त्याच दिवशी त्याचे होते. त्यानंतर आईचा आणि आपला हक्क केवळ त्याच्या सद्भावनेवर राहतो. शुल्काविषयी दस्तलेखकाने दिलेली माहिती निवासी मालमत्ता आणि शेतजमीन यांपुरती खरी आहे, परंतु शुल्क कमी पडते म्हणून दस्त निवडणे हे उलटे काम झाले. मृत्युपत्राला तर मुद्रांक शुल्क लागतच नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे, आणि वडील हयात असेपर्यंत ते केव्हाही बदलू शकतात.

मृत्युपत्र केलेच नाही, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे आजी हयात नसल्यास आई, भाऊ आणि आपण यांना सारखा वाटा, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश, मिळेल. त्यात दुकानातील वडिलांचा हिस्साही आला. तो त्यांना भावालाच द्यायचा असेल, तर तसे लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 प्रमाणे दोन साक्षीदार लागतात, आणि पुढे वाद झाला तर त्यांपैकी किमान एकाला न्यायालयात येऊन सांगावे लागते. म्हणून साक्षीदार वडिलांपेक्षा वयाने बरेच लहान आणि लाभार्थी नसलेले असावेत. वडिलांच्या विस्मरणाचा विचार करता त्याच दिवशी त्यांना तपासून, ते काळ, स्थळ, आपली मालमत्ता आणि आपली माणसे यांविषयी नीट सांगू शकतात असे लिहून देणारे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि शक्य असल्यास त्याच डॉक्टरांना साक्षीदार करावे. मसुदा ठरवताना आणि सही होताना आपण किंवा भाऊ त्या खोलीत नसणे बरे. ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला, की न्यायालये त्याकडे संशयाने पाहतात. 1959 च्या एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यापासून हे तत्त्व स्थिर आहे.

आईच्या हक्काचा परिच्छेद मात्र जाणकाराकडूनच लिहून घ्यावा. घर थेट मुलांना देऊन आईला केवळ हयातभर निवासाचा हक्क द्यायचा, की घरच आईला मर्यादित हक्काने द्यायचे, यांत मोठा फरक आहे; कारण निर्वाहाच्या हक्कापोटी स्त्रीला मिळालेली मालमत्ता हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे तिच्या पूर्ण मालकीची होऊ शकते, आणि नेमक्या या शब्दांवरून वर्षानुवर्षे दावे चालले आहेत.

उत्तर 2 (सनदी लेखापाल, इचलकरंजी)

वकीलसाहेबांचे म्हणणे योग्यच आहे. तथापि माझ्या मते मृत्युपत्राच्याही आधी भागीदारीपत्राकडे पाहिले पाहिजे. भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 42 प्रमाणे भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते, करारात वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी. परंतु भागीदार दोनच असतील तर करारातील तसे कलमही उपयोगी पडत नाही, कारण एकटा मनुष्य भागीदारी चालवू शकत नाही. उद्या वडिलांचे किंवा काकांचे काही बरेवाईट झाले तर त्याच दिवशी भागीदारी संपते. बँक चालू खाते आणि कॅश क्रेडिट (धंद्यासाठी दिलेली खेळत्या कर्जाची मर्यादा) थांबवते, भागीदारीचा पॅन निकामी होतो, मागे राहिलेल्याला नव्या पॅनवर नवी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, आणि या मधल्या काळात दुकानात माल भरलेला असून पक्के बिल फाडता येत नाही.

मृत्युपत्रात ‘माझा दुकानातील हिस्सा मुलास’ असे लिहिले तरी मुलाला मिळते ते भांडवल आणि हिशेबाने निघणारे येणे. भागीदार म्हणून बसण्याचा हक्क त्याने मिळत नाही. त्याला काकांची संमती लागते. म्हणून भावाला आजच तिसरा भागीदार म्हणून घ्यावे. भागीदारी तीच राहत असल्याने पॅन आणि जीएसटी क्रमांक कायम राहतात, फक्त बदलाची माहिती पोर्टलवर 15 दिवसांत भरावी लागते. नव्या भागीदारीपत्रात मृत्यूनंतरही उर्वरित भागीदार धंदा पुढे चालवतील, मृताचा हिस्सा कोणत्या तारखेच्या ताळेबंदावरून काढला जाईल, मालसाठा आणि गुडविल (दुकानाच्या नावलौकिकाची किंमत) कोणत्या पद्धतीने धरले जाईल आणि ती रक्कम किती हप्त्यांत दिली जाईल, हे स्पष्ट लिहावे. हिशेब न मिटवता धंदा चालूच ठेवला, तर कलम 37 प्रमाणे मृताच्या वारसांना आपल्या हिश्शामुळे झालेला नफा किंवा हिश्शाच्या रकमेवर द.सा.द.शे. 6 व्याज मागता येते, आणि ‘नफा किती’ या प्रश्नावर घरे फुटलेली आम्ही रोज पाहतो. त्याच वेळी भागीदारीची नोंदणीही करून घ्यावी. नोंदणी नसलेल्या भागीदारीला कराराच्या आधारे उधारीसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही, आणि हार्डवेअरच्या धंद्यात तर बांधकाम ठेकेदारांकडे पैसे अडकलेलेच असतात.

आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. दुकानाच्या कॅश क्रेडिटला राहते घर तारण दिलेले आहे का? पुष्कळ घरांत ते असते आणि घरातल्या बायकांना त्याचा पत्ता नसतो. तसे असेल तर घराची वाटणी आणि दुकानाचे कर्ज हे प्रश्न वेगळे उरत नाहीत.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. घर तारण नाही, याची बँकेत जाऊन खात्री केली. दुकानाचा गाळा मात्र जुन्या भाड्याचा आहे आणि भाडेपावती वडिलांच्या एकट्याच्या नावाने निघते. मृत्युपत्रात हा गाळाही भावाच्या नावे लिहावा का?

उत्तर 1 (दिवाणी वकील, मिरज)

लिहून उपयोग नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 ज्या भाडेकरूला लागू आहे, त्याचा भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये वसंत पंडित खटल्यात हेच सांगितले. धंद्याच्या जागेचा हक्क कलम 7(15) प्रमाणे भाडेकरूच्या कुटुंबातील त्या सदस्याकडे जातो, जो मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर तेथे धंदा करत होता. असा कोणी नसेल तर वारसांपैकी कोणाकडे, ते आपसांत किंवा न्यायालयात ठरते. आपला भाऊ तेथे खरोखरच धंदा करतो, परंतु त्याचा एकही कागद नाही, आणि मालक नेमके तेच विचारील. लेखापाल महोदयांनी सुचवलेले भागीदारीपत्र येथेही कामी येते. मात्र पावती वडिलांच्याच नावे राहू द्यावी आणि दुकानाचा ताबाही त्यांचाच राहावा, म्हणजे पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप टिकणार नाही.

उत्तर 3 (एक वाचक, सातारा)

मुलाने सांभाळले नाही तर ज्येष्ठ नागरिक कायद्याने बक्षीसपत्र रद्द होते, असे ऐकले आहे. मग बक्षीसपत्राला एवढे का घाबरावे?

उत्तर 4 (महसूल खात्यातून निवृत्त, कोल्हापूर)

2007 च्या कायद्याचे कलम 23 आहे, हे खरे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे जातो. परंतु सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली होती, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा खटल्यात अटीअभावी ज्येष्ठाच्या विरुद्ध निकाल दिला. जानेवारी 2025 मध्ये ऊर्मिला दीक्षित खटल्यात आईच्या बाजूने उदार अर्थ लावला गेला, पण तेथेही सांभाळाविषयीचे लेखी वचन होते. दस्तलेखकांच्या छापील मसुद्यात ‘नैसर्गिक प्रेमापोटी’ एवढेच असते. शिवाय पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाने पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज घेऊन कचेरीच्या बाकावर बसणे सोपे नसते. अनेक जण पहिल्या तारखेनंतर पुन्हा येत नाहीत. ज्यांना बक्षीसपत्रच करायचे आहे त्यांनी सांभाळाची अट दस्तातच घालावी, परंतु या ताईंच्या वडिलांना त्याची गरज दिसत नाही.

कुलमुखत्यारपत्राविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की कायद्याने ते संपते. आपल्याकडे त्यानंतरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची सोय नाही. विस्मरण वाढल्यावर कामी यावे म्हणून ते करत असाल, तर नेमके त्याच वेळी ते निरुपयोगी होईल आणि पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागेल. त्यापेक्षा वडिलांच्या ठेवी आत्ताच आईबरोबर संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी सूचना बँकेला द्यावी.

प्रश्नकर्ती

काका भावाला भागीदार करून घेण्यास तयार आहेत. त्यांचा मुलगा नाशिकला नोकरी करतो आणि त्याला दुकानात रस नाही. आता भागीदारीपत्र आणि मृत्युपत्र एकाच दिवशी करावे का?

उत्तर 2 (सनदी लेखापाल, इचलकरंजी)

भागीदारीपत्र आधी करावे, म्हणजे वडिलांचा नवा वाटा किती हे ठरेल आणि मृत्युपत्रात तोच आकडा येईल. नव्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून भावाला घ्यावे आणि त्याच्या आदल्या दिवशीच्या मालसाठ्याची यादी तिघांच्या सह्यांनिशी करून ठेवावी. काकांच्या मुलाला दुकान नको असले तरी काकांच्या हिश्शाचे पैसे त्याला कसे मिळणार, हे कलम आत्ताच वाचून दाखवावे, आणि काकांनाही त्याच आठवड्यात स्वतःचे मृत्युपत्र करण्यास सुचवावे.